नाकाडीवरून खाली

"आधी उतर," रज्जाकचाचा म्हणाले,
"गाडीतून. उतारावरून मग."
मी इंजिन बंद करून खालपर्यंत चालत गेले,
दोनदा घसरले चपलेवरून.
जांभ्याचा चुरा, त्यावर गवताचं वाळकं तूस,
मधे गुडघाभर पन्हळ, गेल्या पावसाने खोदलेली,
आणि शेवटी डाव्या अंगाला काजूचं झाड,
बुंध्यावर कुणाच्या तरी बंपरचा निळा रंग.
"बघितलास?" वर आल्यावर त्यांनी विचारलं.
बघितला.
"तो माझा."

चाळीस वर्षं इथून चिऱ्याचा ट्रक उतरवलेला माणूस
माझ्या जुन्या जिप्सीत, डाव्या सीटवर.
कुबड्या मागे, लशींच्या डब्याला दोरीने आवळून.
"उतारावर सुटी वस्तू मालक होते, बाय."
साखरेने उजवा पाय मांडीपासून नेला,
तेव्हापासून ते सड्यावर मुलीकडे असतात
आणि बंदर त्यांना फक्त ऐकू येतं,
पहाटे, वारा फिरला तर.

लो रेंज. पहिला गिअर.
दोन्ही तळवे गाडीच्या पत्र्यावर सपाट,
क्लचवर नाही, ब्रेकवर नाही.
"इंजिन धरील. तू धरू नको.
ट्रक वजनाने ढकलतो, ही हलकी, ही उडते.
चाकं चिमणीसारखी टुणटुण करतील, करू दे.
ब्रेक दाबलास तर चाक थांबेल,
गाडी नाही थांबणार.
नाक सरळ खाली. आडवी केलीस की लोळण.
आणि अंगठे बाहेर काढ स्टिअरिंगच्या,
दगड चाक फिरवतो, चाक अंगठा मोडतं."
मी अंगठे काढले.

कडेवर बॉनेट आभाळात गेलं.
मग समुद्र आला, सगळा एकदम,
काचेत उभा, दोन होड्या भिंतीवर टांगल्यासारख्या.
मग नुसती लाल माती.

इंजिन जात्यासारखं घरघरत राहिलं,
ना घाई, ना कंटाळा.
खडे खालून पत्रा वाजवत होते.
पन्हळीपाशी मागचा भाग निघाला उजवीकडे,
सावकाश, पंगतीत पाहुण्याला जागा करून द्यावी तसा.
माझा पाय उठला.
चाचा काहीच बोलले नाहीत.
उठलेला पाय मी परत ठेवला,
गाडी जिकडे चालली होती तिकडेच थोडं स्टिअरिंग दिलं,
आणि ॲक्सिलरेटरला नखभर स्पर्श,
भीतीच्या बरोबर उलट दिशेला एक नख.
शेपूट रांगेत आली.

तेव्हा डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं,
त्यांची लुंगी उजवीकडे ताठ झालेली,
मांडीचा उरलेला तुकडा पुढे रेटलेला,
दाबत, अंगातली सगळी ताकद लावून दाबत
नसलेल्या पायाने नसलेला ब्रेक.

काजू गेला त्यांच्या खिडकीपासून हातभर.
त्यांनी त्याच्याकडे बघितलं नाही.

खाली वाळू. काठ्यांवर बोंबील. सुकटीचा वास
नाकात नाही, थेट घशात.
जाळ्यावर बसलेल्या कुणी ओळखून हाक दिली,
"रज्जाक आलाय!"
आणि दोन पोरं, ज्यांनी त्यांना कधी पाहिलं नव्हतं,
उगाच धावत आली.
मी इंजिन बंद केलं.
आमच्या तीन पायांपैकी एकही हलला नाही
बराच वेळ.

"ब्रेक लावलात तुम्ही," मी म्हटलं.
"हो." त्यांनी लुंगी नीट केली.
"लावू नको म्हणून सगळ्यांना शिकवलं.
आणि स्वतः दर खेपेला लावला.
फक्त पूर्वी तो लागत असे."

मग मागे हात करून कुबड्या चाचपल्या.
"आधी तुझा डबा घे," म्हणाले,
"बर्फ वितळेल. माझं काय,
मी आता उतरलोच आहे."